जुना ट्रक धूर मारतोय: पंप-नोझल करायचं की सरळ हाफ इंजिन?

ऊसाचा सीझन तोंडावर आला की कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतोच, गाडी धूर मारतीय, घाटाला ओढत नाही आणि मिस्त्री म्हणतोय इंजिन खोलूया. मी इथं जुनी टाटा १६१३ किंवा तसली साध्या डिझेल पंपाची गाडी धरून सांगतोय, सेन्सरवाल्या नव्या गाड्यांचं गणित वेगळं.

पंप-नोझल म्हणजे इंजिन जागेवरच राहतं, डिझेल दाबानं पाठवणारा पंप आणि ते सिलिंडरात फवारणारी नोझल तेवढी उतरवून टेस्ट बेंचवर लावायची, प्रेशर सेट करायचं, परत बसवून टायमिंग मिळवायचं. उद्यमनगरात दिलं तर दीड-दोन दिवसात गाडी रोडवर येते. हाफ इंजिन म्हणजे वरचं हेड आणि खालचं चेंबर (ऑइलचा टब) उतरवून लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेडला व्हॉल्व-गाईडचं काम, क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, मात्र जागेवरच. ह्याला आठवडा धरा, आणि खर्चाला तर तुलनाच नाही.

आता काळा धूर असंल, तोही लोड घेऊन चढाला, तर माझं स्पष्ट मत आहे की इंजिनला हात लावायचा नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. म्हणून पहिलं एअर फिल्टर बघा, ऊसाच्या फडातली धूळ खाऊन तो महिन्याभरात चोंदतो, मग टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली) गाडी असली तर होजपाईप फाटलाय का, क्लिप ढिली आहे का ते बघा. हे दोन्ही नीट असंल तरच पंप-नोझल. बऱ्याचदा पिकअप पाहिजे म्हणून कुणीतरी पंपाचं डिझेल वाढवून ठेवलेलं असतं आणि मग पीयूसीला गाडी अडकते, जुन्या गाडीला ६५ एचएसयूची (धुराचा दाटपणा मोजायचं माप) लिमिट आहे.

सायलेन्सर तर कुणी बघतच नाही. माझीच गाडी अंबा घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढायची, धूर काळा, टेम्परेचर वर, एका गॅरेजवाल्यानं हाफ इंजिन सांगितलं आणि मी पैशाची जुळणी पण करायला लागलो होतो. मग एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर जिथं गोळा होतो त्या नळीच्या) खालचा पाईप ढिला करून गाडी थोडी पळवायला लावली, आवाज कानठळ्या बसवणारा पण पिकअप लगेच आला! सायलेन्सर आतनं काजळीनं चोंदलेला. ते दिवस आठवले की अजून वाटतं, हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. आणि सकाळी स्टार्ट केल्यावर टिक-टिक आवाज आणि मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा डाग असला तर पॅकिंग गेलंय, टर्बोच्या गाडीला तेवढ्यानंसुद्धा ताकद कमी पडते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथं हाफ इंजिनची बाजू भक्कम होते पण तरी घाई नको. गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं टोपण काढा. भकाभका हवा-धूर मारायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन आलंय, म्हणजे सिलिंडरातला दाब रिंगांवरून खाली उतरतोय, रिंगा-लायनर संपलेत, तिथं पंप-नोझलवर केलेला खर्च वाया जातो. टोपण शांत आहे आणि टर्बोच्या पुढच्या पाईपात ऑइल ओलं दिसतंय, तर टर्बो बघा. बराच वेळ आयडलला उभी राहून रेस दिल्यावरच निळा झोत येतो, तर व्हॉल्व-गाईड किंवा सील, म्हणजे फक्त हेडचं काम.

पांढरा धूर थंडीत पहाटे येऊन गाडी गरम झाल्यावर गेला तर सोडून द्या. जातच नाही, पाणी कमी होतंय, रेडिएटरला बुडबुडे येतायत, तर हेड गॅसकेट. कच्च्या डिझेलचा वास येतोय आणि इंजिन मिसिंग करतंय, तर एकेका नोझलच्या पाईपचा नट आयडलला जरा ढिला करा, ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीला बरं का, कॉमन रेलला, म्हणजे त्या सेन्सरवाल्या नव्या गाड्यांना, अजिबात नाही, तिथं १००० बारच्या वर प्रेशर असतं, डिझेल कातडीत घुसतं आणि हात गमवायची वेळ येते.

म्हणजे टोपण शांत असंल तर सीझन पंप-नोझलवर काढा. टोपण भकाभका मारतंय आणि ऑइलचा खर्च वाढत चाललाय तर आत्ताच, ट्रिपा सुरू व्हायच्या आधी हाफ इंजिन करून घ्या, जानेवारीत फडात गाडी बंद पडली तर ऊसतोडीची टोळी बसून राहते आणि मुकादम फोनवर फोन करतो. पण हाफ इंजिन करताना जुनी नोझल तशीच परत बसवू देऊ नका. टिपकणारं नोझल नव्या लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतं, पिस्टनला भोक पडायची पण भीती असते. आणि गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर पडतंय असं दिसलं तर हाफवर भागवू नका, क्रँक काढून मापं घ्यायलाच लावा.