एमएस प्रोजेक्टमधून एक्सेल डॅशबोर्ड: एक्सपोर्ट विझार्ड कितपत कामाचा?

एमएस प्रोजेक्ट या कामांचं वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉप आवृत्तीतलं शेड्यूल एक्सेलमध्ये न्यायचे तीन मार्ग आहेत: सरळ कॉपी-पेस्ट, एक्सपोर्ट विझार्ड (पायरीपायरीने निवडक माहिती बाहेर काढणारी सोय) आणि व्हिज्युअल रिपोर्ट्स. दर आठवड्याला तोच डॅशबोर्ड ताजा करायचा असेल तर एक्सपोर्ट विझार्डच धरा. दिसायला जुनाट आहे, काही खोडीही आहेत, पण एकदा नीट बसवला की पुढे काही मिनिटांचं काम उरतं.

कॉपी-पेस्टमध्ये पडद्यावर दिसतं तेच उतरतं. तारखेला वार चिकटलेला, कालावधीपुढे 'डेज', आणि कालावधी अंदाजे असेल तर वर प्रश्नचिन्ह. एक्सेलच्या लेखी हा सगळा मजकूर. वजाबाकी होत नाही, सॉर्टही धड होत नाही. व्हिज्युअल रिपोर्ट्स माहितीचा क्यूब बांधून त्यावर पिव्होट चार्ट काढतात. आठवडावार खर्च किंवा मनुष्यतास पसरून एस-कर्व्ह (काळानुसार वाढत जाणाऱ्या बेरजेचा आलेख) काढायचा असेल तर तेच लागतात, कारण एक्सपोर्ट विझार्ड काळानुसार पसरलेली माहिती देतच नाही. पण कुठलं काम अडलंय हे ओळीओळीने बघायला पिव्होट गैरसोयीचं पडतं.

विझार्ड सुरू होतो 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये एक्सेल वर्कबुक निवडल्यावर. पुढे 'सिलेक्टेड डेटा', मग 'न्यू मॅप', मग 'टास्क्स', आणि हेडरच्या चौकटीत टिक. फील्ड मोजकीच घ्या: युनिक आयडी, डब्ल्यूबीएस (कामाच्या फोडीचा कोड), नेम, समरी (खालच्या कामांची गोळाबेरीज देणारी ओळ), माइलस्टोन, क्रिटिकल, स्टार्ट, फिनिश, बेसलाइनच्या (गोठवून ठेवलेल्या मूळ आराखड्याच्या) दोन्ही तारखा, अ‍ॅक्च्युअलच्या (प्रत्यक्षातल्या) दोन्ही तारखा, पर्सेंट कम्प्लीट आणि फिजिकल पर्सेंट कम्प्लीट. शेवटच्या पानावर मॅप नाव देऊन सेव्ह करायला विसरू नका. तो ग्लोबल टेम्प्लेटमध्ये राहतो आणि ऑर्गनायझरमधून सहकाऱ्याच्या फाइलमध्ये टाकता येतो.

आयडी नको, युनिक आयडीच घ्या. मध्ये एक ओळ घातली की खालचे सगळे आयडी सरकतात आणि मागच्या आठवड्याशी तुलना करणारा लुकअप भलत्याच कामाचा आकडा उचलतो. युनिक आयडी सरकत नाही. मात्र शेड्यूलमध्ये ओळ कट करून दुसरीकडे पेस्ट केली तर तिला नवा युनिक आयडी मिळतो, म्हणून ओळ हलवायची तर माउसने ओढून हलवावी.

विझार्डची सगळ्यात त्रासदायक खोड म्हणजे कालावधी आणि व्हेरियन्स (बेसलाइनपासूनचा फरक) एककासकट मजकूर होऊन येतात. एक्सेलमध्ये 'डेज' कापत बसण्यापेक्षा प्रोजेक्टमध्येच नंबर१ या कस्टम फील्डला सूत्र द्या: [फिनिश व्हेरियन्स]/[मिनिट्स पर डे]. सूत्रात कालावधी मिनिटांत असतो, त्यामुळे भागाकारातून थेट दिवसांचा आकडा मिळतो. तसंच डेट१ला [स्टेटस डेट], म्हणजे प्रगती ज्या तारखेपर्यंत मोजली ती तारीख, द्या, म्हणजे आकडे कुठल्या तारखेचे आहेत हे प्रत्येक ओळीबरोबर येतं. इथे एक सापळा आहे: साइटचं कॅलेंडर दिवसाला १० तासांचं आणि ऑप्शन्समध्ये 'अवर्स पर डे' मात्र ८, असं असेल तर ४ दिवसांचा उशीर ५ दिवसांचा दिसतो. दोन्ही आधी जुळवून घ्या.

एक्सेलच्या बाजूला पॉवर क्वेरी, म्हणजे माहिती आणून साफ करायचं एक्सेलमधलंच साधन, लागते. प्रत्येक एक्सपोर्ट तारखेच्या नावाने एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि 'फ्रॉम फोल्डर'ने जोडा, म्हणजे मागचे आठवडेही हाताशी राहतात. क्वेरी आपणहून 'चेंज्ड टाइप' ही पायरी घालते, ती काढून टाका. डब्ल्यूबीएस कोड दोनच पातळ्यांचे असतील तर ती त्यांना संख्या समजते आणि १.१०चा १.१ होऊन दोन कामांना एकच कोड मिळतो. कोडच्या कॉलमला 'टेक्स्ट' द्या. सुरू न झालेल्या कामाच्या अ‍ॅक्च्युअल तारखेत 'एनए' असतं, ते आधी रिकामं करा, मगच 'युझिंग लोकेल'ने तारीख बनवा, नाहीतर कॉलमभर एरर दिसतात. समरीच्या ओळी गाळा, नाहीतर तेच काम दोनदा मोजलं जातं. फिनिशला वेळही चिकटलेली असते, म्हणून दोन तारखा ताडताना वेळ कापणारं इंट हे सूत्र लावा.

आता खरा जीव अडकतो तो डॅशबोर्डवर वेळेत असलेल्या, म्हणजे व्हेरियन्स नसलेल्या, कामाला दिलेल्या हिरव्या रंगात. समजा तिसऱ्या स्लॅबचं शटरिंग गेल्या शुक्रवारी संपायचं होतं आणि ते ६० टक्क्यांवर आहे. कुणी फक्त टक्का भरला आणि उरलेलं काम पुढे ढकललं नाही, तर शेड्यूलमधली फिनिश गेल्या शुक्रवारचीच राहते. व्हेरियन्स शून्य, रंग हिरवा. बेसलाइननंतर घातलेल्या कामाचंही तेच: बेसलाइन नाही, म्हणून व्हेरियन्स शून्य. म्हणून डॅशबोर्डच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तीन आकडे ठेवा: स्टेटस डेटच्या आधीची फिनिश असूनही अपुरी कामं किती, सुरुवातीची तारीख उलटूनही सुरू न झालेली किती, आणि बेसलाइन नसलेली किती. हे काउंटइफ्सने निघतात. पहिले दोन शून्यावर आल्याशिवाय खालचे रंग कुणाला दाखवू नयेत. ते शून्यावर आणायला प्रोजेक्टच्या 'अपडेट प्रोजेक्ट'मधला उरलेलं काम स्टेटस डेटनंतर ढकलण्याचा पर्याय वापरा आणि पुन्हा एक्सपोर्ट करा.

टक्क्यांचं तर याहून नाजूक. पर्सेंट कम्प्लीट कालावधीवर चालतो. प्लास्टरचं १० दिवसांचं काम, पाचव्या दिवसअखेर 'मार्क ऑन ट्रॅक' दाबलं की ५० टक्के झालं. भिंतींवर पाव भागच झालेला असला तरी. साइटवर मोजलेला टक्का फिजिकल पर्सेंट कम्प्लीटमध्ये भरावा. तो समरीवर आपोआप चढत नाही, म्हणून एकूण प्रगती एक्सेलमध्येच समप्रॉडक्टने काढा, वजन म्हणून खर्च किंवा मनुष्यतास घेऊन. बेसलाइननुसार आजवर व्हायला हवा असलेला टक्का नेटवर्कडेज.इंटल या सूत्राने निघतो: बेसलाइन स्टार्टपासून स्टेटस डेटपर्यंतचे कामाचे दिवस भागिले बेसलाइन फिनिशपर्यंतचे, ० ते १ मध्ये बांधून. फक्त रविवारची सुट्टी असेल तर सूत्रात सुट्टीचा कोड ११. पावसाळ्यात खोदकाम बंद ठेवायचं कॅलेंडर शेड्यूलमध्ये असेल, तर त्या कामांपुरती ते दिवस घातलेली सुट्ट्यांची वेगळी यादी लागते, कारण टास्कचं कॅलेंडर एक्सेलला कळत नाही.

हा सगळा व्यवहार एकतर्फी ठेवा. विझार्डने परत आयातही करता येते, पण एक्सेलमध्ये बदललेली स्टार्ट प्रोजेक्टमध्ये आणली की त्या कामावर तारखेचं बंधन बसतं. मग आधीचं काम लवकर संपलं तरी ते अलीकडच्या तारखेला ओढलं जात नाही. तारखा बदलायच्या त्या शेड्यूलमध्येच.