रेडीमेड कूलंट की घरी मिसळलेलं? वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात गाडी तापली. माणसं चार, एसी चालू, काटा लालच्या तोंडाशी. बॉनेट उघडलं तर रिझर्व्ह टाकीत चहाच्या रंगाचं पाणी. वर्षभर लेव्हल कमी दिसली की बोअरचं पाणी ओतलं जात होतं, त्याचा हा हिशेब. रेडिएटर उतरवला तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर होता, नखाने खरवडला की चुन्यासारखा सुटायचा. आमच्या सोलापुरात गिझरची कॉईल ज्याने पाहिली आहे त्याला हा थर वेगळा सांगायला नको.

जूनमध्ये गॅरेजात फ्लश करून, म्हणजे आतून पाण्याने धुऊन, रेडीमेड कूलंट (इंजिन गार ठेवणारा, पाणी आधीच मिसळलेला द्रव) भरलं. लिटरचे तीन डबे, 690 रुपये. मिसळायची कटकट नाही, पाणी कंपनीनेच चांगलं घातलेलं. पुढचे सहा महिने काटा जागचा हलला नाही. जो विचारेल त्याला मी रेडीमेडच घे म्हणून सांगत होतो.

ते मत आता निम्मं मागे घेतो.

जानेवारीत एका ओळखीच्या मिस्त्रीकडे रिफ्रॅक्टोमीटर होता, म्हणजे द्रवातलं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र. कूलंटचे दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरलं, तर गोठणबिंदूच्या पट्टीवर निळी रेघ उणे 18 अंशांपाशी. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधला मूळ द्रव), निम्मं पाणी असेल तर ती उणे 37 च्या आसपास दिसायला हवी. सोलापुरात काही गोठायचं नाही, पण प्रमाण त्याच पट्टीवर कळतं. म्हणजे माझं कूलंट जेमतेम 33 टक्के. मिस्त्री म्हणाला, "साहेब, फ्लशचं पाणी सगळं कुठं निघतंय? ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतंच की."

गणित सरळ आहे. माझ्या गाडीत एकूण 4 लिटर मावतं, रेडिएटरच्या खालच्या नळातून 2.6 लिटरच निघालं. आत राहिलेल्या 1.4 लिटरवर आधीच निम्मं पाणी असलेलं कूलंट ओतलं. आणि ते राहिलेलं पाणी कुठलं? फ्लशला वापरलेलं बोअरचं! गंज रोखणारी द्रव्यं पातळ झाली आणि क्षार परत आत गेले. याचा राग मला अजून आहे. फ्लश करताना शेवटचं पाणी कोणतं घालता, हे आता मी समोर उभं राहून पाहतो.

मग कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणलं. इंजिन गार असताना सगळं काढलं, डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवलं, गार होऊ दिलं, काढलं. असं तीनदा. काढलेलं कूलंट बालदीत झाकून ठेवलं; ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. शेवटी 2 लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर डिस्टिल्ड. आत राहिलेलं पाणी धरून बरोबर निम्मं-निम्मं. रेघ उणे 36 वर आली.

खर्च मात्र वाचला नाही. दोन डबे 680 आणि पाच-पाच लिटरचे दोन कॅन 200. उरलेलं दीडेक लिटर पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीला गेलं. काही डब्यांवर 1:3, म्हणजे एक भाग कॉन्सन्ट्रेटला तीन भाग पाणी, लिहिलेलं असतं. मी गाडीच्या मॅन्युअलचं प्रमाण धरलं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका, ते पाण्याइतकी उष्णता ओढत नाही.

रेडीमेडचं उरलेलं जेमतेम 400 मिली डिकीत ठेवलं आहे, टॉप-अपसाठी. त्या कामाला तेच चांगलं. या मेमध्ये त्याच घाटात, एसी चालू ठेवून, काटा निम्म्याच्या खालीच राहिला.