ब्रेझा की नेक्सॉन? दोन्ही चालवून बघितल्यावर माझं मत

मारुतीची ब्रेझा आणि टाटाची नेक्सॉन यांच्यात गोंधळ होणं साहजिक आहे कारण कागदावर दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच, लांबी दोघींची ३९९५ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एकीचा २५०० आणि दुसरीचा २४९८, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्याला तसा काहीच फरक पडत नाही. पण बॉनेटखाली दोन्ही एकदम वेगळ्या आहेत, आणि निर्णय तिथेच घ्यायचा असं माझं ठाम मत झालंय.

ब्रेझात १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग) वगैरे नाही. नेक्सॉनमध्ये ११९९ सीसी, तीन सिलिंडर आणि टर्बो. सिग्नलला उभं राहिलं की लगेच कळतं, ब्रेझा चालू आहे की बंद ते बघायला मीटरकडे नजर जाते आणि नेक्सॉनची थरथर गिअरवर हात ठेवला की जाणवते. सिटीत ब्रेझाच सुखाची, क्लच हलका, थर्डमध्येसुद्धा कुरकूर न करता निवांत रेंगाळते, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तिचा सहा स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर खूपच स्मूथ आहे. नेक्सॉनमध्ये स्वस्तात ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर मशीन बदलतं), त्यात गिअर बदलताना मान हलते, आणि सात स्पीडचा डीसीए (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) छान आहे पण त्याला पैसे जास्त मोजावे लागतात.

आता घाट. आमचं पुणे-चिपळूण जाणं-येणं असतं त्यामुळे माझ्यासाठी हाच खरा पेपर. कुंभार्ली चढताना पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि पुढे लोड भरलेला ट्रक, अशा वेळी ब्रेझाचा पूर्ण टॉर्क (ओढण्याची ताकद) १३७ एनएम आणि तोही ४४०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो, म्हणजे ओव्हरटेक करायचा तर गिअर खाली टाका, इंजिन ओरडू द्या, आणि समोरून एसटी आली तर परत मागे या. नेक्सॉनचा १७० एनएम साधारण १७५० पासूनच हाताशी असतो, गाडी सरळ निघून जाते. फक्त आरपीएम १५०० च्या खाली पडू द्यायचे नाहीत, वळणावर गिअर टाकायचा आळस केला की तीच गाडी दम खाते. कडेला डांबर तुटलेलं असतं तिथे नेक्सॉनचा २०८ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) पण कामाला येतो.

किमतीचं एक गणित बरेच जण बघतच नाहीत. चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० पर्यंत) असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. ब्रेझा लांबीत बसते पण इंजिन मोठं म्हणून ४० मध्ये जाते आणि नेक्सॉन १८ मध्ये. त्यामुळे तेवढ्याच बजेटमध्ये नेक्सॉनचं वरचं व्हेरिएंट मिळतं का हे नक्की बघा.

सेफ्टीबद्दल माझ्या मनात शंकाच नाही. २०१८ ला ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या आदळून सुरक्षितता तपासणारी संस्था) पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी नेक्सॉनच, आणि तिच्या फेसलिफ्टलाही (सुधारित मॉडेलला) २०२४ मध्ये पुन्हा पाच मिळाले, तेही आधीपेक्षा कडक टेस्टमध्ये. ब्रेझाचे चार स्टार लोक सांगतात ते २०१८ चे, म्हणजे जुन्या मॉडेलचे, २०२२ ला आलेली गाडी वेगळी आहे.

सीएनजी घेणाऱ्यांसाठी, ब्रेझात टाकी डिकीत असल्याने मोठी बॅग आडवी सुद्धा राहत नाही, नेक्सॉनमध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यात म्हणून ३२१ लिटर जागा उरते. गणपतीला सामान घेऊन जाणाऱ्याला हे मी सांगायला नको! डिझेल आता फक्त नेक्सॉनमध्ये, २६० एनएम आहे, मस्त ओढते, पण रोज चार-पाच किलोमीटरचंच ऑफिस असेल तर घेऊ नका, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो.

सर्व्हिसमध्ये मात्र मारुती पुढे आहे, तालुक्याच्या गावात पण वर्कशॉप सापडतं आणि रिसेलला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. घरात गाडी मुख्यतः आईबाबा चालवणार असतील, फिरणं गावातल्या गावात असेल तर डोळे झाकून ब्रेझा ऑटोमॅटिक घ्या. मी मात्र नेक्सॉन पेट्रोल सहा गिअरची मॅन्युअल घेतोय.

आणि शोरूमवाले सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात त्यात यातलं काहीच कळत नाही. घरच्या सगळ्यांना बसवून चढाचा रस्ता मागा, पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, साताऱ्यात असाल तर यवतेश्वर, आणि एसी फुल ठेवूनच चढवा.