१२ व्होल्टचा फ्रिज, ९ महिन्यांनंतर: फ्रिज चांगला, वायर भिकार

डिसेंबरात घेतला तेव्हाच लिहिणार होतो, बरं झालं राहून गेलं, कारण तेव्हा ५ स्टार दिले असते, एप्रिलमध्ये शून्य दिले असते आणि दोन्ही वेळा फसवलं असतं तुम्हाला. ३५ लिटरचा कॉम्प्रेसरवाला पोर्टेबल फ्रिज, पिकअपच्या मागच्या कॅम्पर बॉक्समध्ये ठेवलाय, आणि त्यासाठी १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी (एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट) ड्रायव्हर सीटच्या मागे. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, परत टाईप करत नाही.

पहिले चार महिने काही म्हणजे काही तक्रार नाही. माळशेज, भंडारदरा, दोनदा अलिबाग. दूध, अंडी, इडलीचं पीठ, सगळं टिकलं.

मग एप्रिलमध्ये तारकर्लीहून येताना मालवणच्या बाजारात दोन किलो सुरमई घेतली, तुकड्या करून, १,८०० रुपये. रात्री चिपळूणच्या अलीकडे गाडी लावून झोपलो. सकाळी बघतो तर डिस्प्लेवर २१ डिग्री आणि एफ-वन हा एरर कोड चमकतोय. झाकण उघडायच्या आधीच ही म्हणाली, "उघडू नकोस, तशीच टाक." सुरमई टाकताना जे वाटलं ते ज्याने भाव करून मासे घेतलेत त्यालाच कळेल.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. फ्रिज न बघता सांगितलं कॉम्प्रेसर कमजोर झालाय, व्होल्टेजमुळे गेला असेल तर वॉरंटीत बसत नाही, ९,५०० रुपये आणि जायचा-यायचा कुरिअर तुमचा. मी म्हटलं घरात अ‍ॅडॅप्टरवर हाच फ्रिज व्यवस्थित मायनसला जातोय, मग कॉम्प्रेसर कमजोर कसा? याचं उत्तर तीन आठवडे कुणी दिलं नाही, फक्त "पाठवून द्या". नाही पाठवला.

शेवटी भांडुपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, सगळे अण्णाच म्हणतात, त्यांच्याकडे गाडी नेली. अण्णा म्हणाले, "फ्रिज नंतर बघू, आधी तो चालू असताना प्लगवर मीटर लाव." मी आतापर्यंत बंद असतानाच मोजत होतो आणि १३.१ व्होल्ट बघून खूश होत होतो. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि प्लगवर १०.९! तिकडे बॅटरीच्या टर्मिनलवर तेव्हाही १३. म्हणजे दोन व्होल्ट मधल्या मध्ये गायब.

माझ्या फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन (व्होल्टेज फार खाली गेलं की फ्रिज आपोआप बंद करणारी सोय) 'एच'वर, म्हणजे हायवर होतं, ते ११.१ ला बंद करतं आणि १२.४ ला परत चालू होतं. लोड गेला की व्होल्टेज लगेच वर, फ्रिज चालू, परत खाली, परत बंद. रात्रभर हेच चाललं होतं. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे १४ च्या आसपास मिळतात, म्हणून ड्रायव्हिंगमध्ये कधी कळलंच नाही.

मग बॉक्सच्या तळाचं प्लायवूड काढलं. बॉक्स बनवणाऱ्याने आतून स्पीकरची वायर फिरवली होती!! ०.७५ स्क्वेअर एमएम. हिशोब करा, तांब्याची १ स्क्वेअरची वायर मीटरला साधारण ०.०१७ ओहम, माझं अंतर ६ मीटर, जाऊन-येऊन १२, म्हणजे जवळपास ०.२७ ओहम, त्यातून ५ अँपिअर गेले की १.४ व्होल्ट तिथेच जातात. उरलेलं कुठे गेलं ते सिगारेट लायटरचा प्लग बाहेर काढल्यावर दिसलं. टोकाची स्प्रिंगवाली पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक चहासारखं तपकिरी आणि थोडं वाकलेलं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. खडखडाट होऊन कॉन्टॅक्ट ढिला होतो, ढिला झाला की तापतो, तापला की अजून खराब होतो. म्हणून चार महिने चालला आणि मग बसला. आग लागली नाही हे नशीब, मागे आम्ही झोपतो.

या प्लगबद्दल मला मनापासून राग आहे. २७,००० चा फ्रिज देता आणि सोबत हा प्लग? तासन् तास ५ अँपिअर घ्यायला, तेही हलत्या गाडीत, ही वस्तू बनलेलीच नाही.

लोहार चाळीतून ६ स्क्वेअरची वायर लाल-काळी घेतली, कोकणात खारी हवा म्हणून टिनवाली (कथिलाचा मुलामा असलेली) मागितली. लॅमिंग्टन रोडवरून अँडरसन कनेक्टरची (जास्त करंटसाठीचा घट्ट बसणारा प्लग) जोडी आणि फ्यूज होल्डर. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, फ्रिजजवळ नाही, कारण लिथियम शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडची वायर जळते, ती वाचवायला कुणी नसतं. वायरच्या टोकाचे लग क्रिम्प केले (पान्याने दाबून बसवले), सोल्डर नाही, सोल्डर केलेली वायर हादऱ्याने कडेला तुटते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. क्रिम्पिंगचा पाना अण्णांनी दिला, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. एकूण खर्च १,६८० रुपये आणि एक रविवार. आता कॉम्प्रेसर चालू असताना प्लगवर १२.८ दिसतात.

म्हणून एप्रिलमधलं मत मी मागे घेतो, फ्रिजला नावं ठेवली ती चूक होती. मे महिन्यात बॉक्समध्ये ३५ डिग्री असताना २४ तासांत ४२ एएच खाल्ले, आत ४ डिग्री. मला याहून जास्त अपेक्षा नाही. छतावरचं १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात यातलं अर्ध्याहून जास्त परत भरतं.

खटकणारं म्हणजे तळाला पाणी काढायला बूच नाही, स्पंजने टिपावं लागतं. पावसाळ्यात झाकणाच्या रबराला बुरशी आली, व्हिनेगर-पाण्याने पुसून उघडा ठेवला की जाते. आणि हवा जायच्या जाळ्यांपुढे चार बोटं जागा सोडा, मी तिथे चादरी कोंबायचो.

गणपतीला गावी नेला. आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारातून हार, दुर्वा, जास्वंदीच्या कळ्या घेऊन आत ठेवल्या, ६ डिग्रीवर. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद करून तास-तास उभे होतो, मी दर थोड्या वेळाने मागे जाऊन डिस्प्ले बघत होतो, एकदाही एफ-वन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हार पिशवीतून काढला, हाताने चाचपला आणि विचारलं, "आत्ता कुठून आणलास?"