वाईज-किरण की फॅकल्टी फॉर द फ्यूचर?
रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत सुकतीला उतरून तिसऱ्या-कालवांचे नमुने गोळा करायची हौस आहे, पण मधली वर्षं घरात गेली? मग केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण ही स्त्रियांसाठीची संशोधन-शिष्यवृत्ती आधी बघा. पीएचडीसाठी वय २७ ते ४५, पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी (पोस्टडॉक) थेट ६० पर्यंत. साठ! बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली, काहीच आड येत नाही. काम भारतातल्याच संस्थेत, त्यामुळे खाडीही हातची जात नाही.

श्लम्बर्जे या तेलक्षेत्रातल्या कंपनीच्या फाउंडेशनची फॅकल्टी फॉर द फ्यूचर ही शिष्यवृत्ती २००४ पासूनची, विकसनशील देशांतल्या स्त्रियांसाठी. परदेशात पीएचडी किंवा पोस्टडॉक, पीएचडीला वर्षाला कमाल ५०,००० डॉलर, तेही प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने. प्रवेश मात्र आपला आपण मिळवायचा, आणि शिकून मायदेशी परतायचं. इथे नेतृत्वही जोखतात. बचत गटाच्या बायकांना कालवं वाढवायला शिकवलं असेल तर ठळक लिहा. आपल्याकडच्या मुली हे सांगायला उगाच लाजतात.

पंचविशीतली, पायात पाश नसलेली मुलगी असेल तर मी फॅकल्टी फॉर द फ्यूचरकडे बोट दाखवेन. बाकीच्यांनी किरणच धरावी, आणि शिरगावचं मत्स्य महाविद्यालय किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ गाठून मार्गदर्शकाची चौकशी करावी.