ग्रीन स्टफ वापरून कुतची मराठा पलटण: पुट्टी, पागोटी आणि रंगांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग सविस्तर. टेबलवर लढाई खेळायच्या (वॉरगेमिंगच्या) २८ मिमीच्या छोट्या शिपायांवर कापड घडवायचं असेल, म्हणजे पागोटं, कुर्त्याचा घेर, पट्ट्या, तर ग्रीन स्टफ या मळून वापरायच्या पुट्टीला तोड नाही, जरूर घ्या. पण कडक कोन पाहिजेत, काडतुसाचे कप्पे, बक्कल, पेट्या असलं काय, तर नुसत्या ग्रीन स्टफवर भागत नाही, त्यात मिलिपुट ही दुसरी, जास्त कडक होणारी पुट्टी मिसळा. आता हे मी कशावरून म्हणतोय ते.

माझा प्रोजेक्ट मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा आहे, पहिलं महायुद्ध, १९१५-१६. वसाहतकाळाचं वॉरगेमिंग म्हटलं की लोक झुलू, सुदान नाहीतर खैबरकडे वळतात, त्यातही मजा आहे पण साताऱ्यात राहून मला ते लांबचं वाटतं. इथून जवळच अपशिंगे मिलिटरी आहे, गावाच्या नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आणि मेसोपोटेमियात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची जी सहावी डिव्हिजन उतरली तिचं नावच पूना डिव्हिजन होतं. तुर्कांनी कुत अल अमारा या गावाला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी रेशन इतकं तुटलं की घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्या लोकांनी धर्मापायी ते कित्येक आठवडे नाकारलं. पुढे शरणागती, मग वाळवंटातून कैदेची पायपीट, त्यात किती गेले. आणि बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली पण आपल्या साध्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे, टेबलवर ही पलटण उभी राहील तेव्हा ती मराठा म्हणून ओळखू आली पाहिजे, कुठलाही पागोटेवाला शिपाई चालणार नाही.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. प्लास्टिकमध्ये मराठा पलटणीचा बॉक्स मला मिळाला नाही. भारतीय शिपायांची सुटी डोकी मिळतात, ती बहुतेक शीख पद्धतीची नाहीतर कुल्ल्यावर (टोकदार टोपीवर) बांधलेल्या लुंगीची, म्हणजे फेट्याच्या कापडाची, मधून टोक वर आलेलं. पंजाबी पलटणींना एकदम बरोबर. पण जुन्या फोटोत मराठा शिपाई बघा, कुल्ला नाही, पागोटं गोल आणि चापून बांधलेलं, उंची कमी. टेबलवर दोन फुटांवरून काय दिसतं तर डोक्याचा आकार दिसतो, रंग नंतर. म्हणून मी सरळ ब्रिटिश पायदळाचा प्लास्टिक बॉक्स घेतला, ज्यात हात, डोकी, धड वेगळं येतं, आणि डोकं भुवईच्या वर आडवं कापून पागोटं स्वतः घडवायचं ठरवलं. चेहरे त्यातलेच ठेवले, पण मिशा बहुतेकांना पुट्टीने लावल्या, आणि प्रत्येकाच्या वेगळ्या.

ग्रीन स्टफ म्हणजे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, निळा आणि पिवळा, मळला की हिरवा होतो. पट्टीत येतो किंवा दोन वेगळ्या कांड्यांत. माझं ऐका, कांड्यांचाच घ्या. पट्टीत निळा-पिवळा एकमेकांना चिकटून असतात आणि मधली रेघ आधीच कडक झालेली असते, ती कापून टाकली नाही तर मळल्यावर बारीक खडे राहतात आणि नेमके नाकाच्या टोकावर येतात. निळा म्हणजे हार्डनर. निळा थोडा जास्त घेतला तर पुट्टी कडक, कमी चिकट, कडा चांगल्या धरते, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट, कापडाच्या वळ्यांना बरी. पागोट्याला मी पिवळा जरा जास्त ठेवतो. हाताळायला साधारण तासभर मिळतो, दीड म्हणा, पण ते गार हवेत, एप्रिल-मेमध्ये साताऱ्याच्या उन्हात दुपारी बसाल तर फार लवकर आवळते, तेव्हा सकाळी बसा आणि एकावेळी चार डोक्यांपुरतीच मळा. मळल्यावर लगेच लावू नका, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग चिकटपणा उतरतो आणि हत्याराचा छाप धरते. पूर्ण कडक व्हायला चोवीस तास धरा.

हत्यार म्हणजे डेंटिस्टचं ले क्रॉन कार्वर, एका टोकाला छोटं पातं, दुसऱ्याला चमच्यासारखं. हॉबीच्या नावाखाली ऑनलाइन महाग विकतात, मिरजेला जाणं होत असेल तर तिथे दवाखाने एवढे आहेत की सर्जिकल सामानाच्या दुकानात सहज मिळतं आणि स्टील चांगलं असतं. टोकाला पाण्याचा नाहीतर व्हॅसलिनचा हात लावत राहायचं. व्हॅसलिन अगदी कमी, आणि रंगाच्या आधी साबणाने धुवायचं, नाहीतर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, धरत नाही.

आता पागोटं. आधी कापलेल्या डोक्यावर पुट्टीची छोटी गोळी दाबून चपटी टोपी करायची आणि ती पूर्ण कडक होऊ द्यायची, ही घाई करायची जागा नाही, कारण खाली मऊ असेल तर वरचे वेढे दाबताना सगळंच सरकतं. दुसऱ्या दिवशी शेवयांएवढ्या बारीक वळ्या करायच्या, त्या काचेवर ओल्या बोटाने चपट्या करायच्या आणि कपाळापासून तिरक्या मागे न्यायच्या, एक डावीकडून एक उजवीकडून, कपाळावर एकमेकींवर चढल्या पाहिजेत. तीन वेढे पुरतात, चार केले की डोकं मोठं दिसायला लागतं आणि मराठा पागोट्याचा चापूनपणा जातो. मग कार्वरच्या पात्याने प्रत्येक वेढ्यावर लांब हलक्या रेघा, एकसारख्या अंतरावर नकोत, कापडाला शिस्त नसते. वरचा मधला भाग सपाट ठेवायचा. मागे मानेवर कापडाचा एक छोटा शेव काही जणांना सोडलाय, सगळ्यांना नाही. ग्रीन स्टफची खरी ताकद इथे कळते, वळी ताणली तरी तुटत नाही, आणि वाळल्यावर थोडी लवचिक राहते त्यामुळे शिपाई पडला तरी पागोट्याचा टवका उडत नाही. पूर्ण तुकडीची डोकी ओळीत लावून बघितली तेव्हा पहिल्यांदा ती पंजाबी किंवा ब्रिटिश न दिसता आपली दिसली. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो.

अंगरख्याचं काम त्यामानाने सोपं. ब्रिटिश ट्युनिकची कॉलर आणि छातीचे खिसे कापून घासायचे, भारतीय पायदळाचा ड्रिलचा कुर्ता लांब असायचा, मांडीपर्यंत, म्हणून खाली पुट्टीचा घेर वाढवायचा. पट्ट्या म्हणजे पोटरीवर गुंडाळायच्या पटीज, त्याच राहतात.

बँडोलियर, म्हणजे काडतुसांचा पट्टा, मात्र त्रास. ब्रिटिश बॉक्समधल्या पुतळ्यांवर १९०८ चं कापडी वेबिंग असतं, दोन्ही बाजूंना काडतुसाचे कप्पे, ते सगळं ब्लेडने उतरवावं लागतं, कारण भारतीय पलटणींकडे चामड्याचं साहित्य होतं, खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्यावर कप्पे. हे कप्पे ग्रीन स्टफने नीट होत नाहीत. वाळलं की रबरासारखं होतं, पॉलिशपेपर मारला तर खरखरीत होतं, कडा गोल पडतात. मिलिपुट अर्धं-अर्धं मिसळलं की प्रश्न सुटतो, घासता येतं, पाण्याने गुळगुळीत होतं. हार्डवेअरमध्ये मिळणारं एमसील मी बेसवरचे दगड आणि खंदकाच्या मातीसाठी वापरतो, त्या कामाला स्वस्त आणि मस्त, चेहऱ्याजवळ नेऊ नका, पोत जाडा आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांना अर्धवट झालेली तुकडी दाखवली. हातात घेऊन चष्मा वर करून बघत म्हणाले, "पागोटं झ्याक जमलंय रं. पण ही लाइट इन्फंट्री हाय ना, मग चालताना रायफल ट्रेलवर पायजे, खांद्यावर कशाला?" एकदम बरोबर. १०३ आणि ११० लाइट इन्फंट्री, म्हणजे रायफल हातात आडवी धरून भरभर चालणारी. मग चालणाऱ्या पोझमधल्या शिपायांचे उजवे हात कोपरात कापून खाली वळवले, सांध्यात ०.५ मिमीची तार घातली आणि भेग ग्रीन स्टफने भरली. १०३ म्हणजेच आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, जंगी पलटण, तिच्यावरून तात्यांच्या खूप आठवणी निघाल्या, ते वेगळंच.

रंग वायेहो (Vallejo) कंपनीचे वापरले, मॉडेल कलर, थेंब पाडायच्या बाटलीतले, पुढचे आकडे म्हणजे बाटलीवरचे नंबर. खाकी ७०.९८८ वर कुर्ता, उजळायला त्यात इराकी सँड ७०.८१९ (नावच कसं जुळून आलं बघा). पागोट्यासाठी मात्र वेगळी छटा घ्या, कारण ते वेगळं कापड, वेगळं धुतलेलं, मी खाकीत थोडा इंग्लिश युनिफॉर्म ७०.९२१ टाकतो. सगळी तुकडी एकाच खाकीत रंगवली तर खेळण्यासारखी दिसते. चामडं सॅडल ब्राउन ७०.९४०. कातडीच्या रंगाकडे जास्त लक्ष द्या, परदेशी गाइडमध्ये भारतीय म्हणून एकच तपकिरी सांगतात आणि तो सगळ्यांना फासतात. आपल्याकडे एका घरात तीन रंग असतात. फ्लॅट अर्थ ७०.९८३ वरून सुरू करा, कुणाला त्यात बेज ब्राउन, कुणाला फ्लॅट ब्राउन, आणि गालाचं हाड, नाक, खालचा ओठ एवढंच उजळा. ही बाटली एवढ्याशा मापात महाग वाटते पण पाण्याने पातळ करून वापरल्यावर खूप दिवस जाते, पैसे वसूल. एकच, आधी बाटली भरपूर हलवायची, नाहीतर वर नुसतं पाणीदार मिडियम येतं.

साताऱ्यात राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर आणि स्प्रे वार्निश विसरा. हवेत ओल इतकी असते की वार्निशवर पांढरट साय धरते आणि रंग मरतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचं ऍक्रिलिक प्रायमर वापरा, दोन पातळ हात. पुट्टीचं काम मात्र पावसाळ्यातच काढा, गार असतं, वेळ जास्त मिळतो, बाहेर तसंही कुठे जाता येतंय.

बेसला मेसोपोटेमियाची माती म्हणजे सपाट, बारीक गाळाची, फार दगडगोटे नकोत. चहाच्या गाळणीने चाळलेली नदीची वाळू फेव्हिकॉलवर टाकली, वर इराकी सँड, बास. गवताचे हिरवे झुपके लावायचा मोह होतो, लावू नका, फारतर नदीकाठच्या तुकडीला वाळक्या रंगाचे.

आता पैशाचं. ग्रीन स्टफ इथल्या दुकानात मिळत नाही, पुण्या-मुंबईच्या हॉबी दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, एमसीलच्या तुलनेत कितीतरी महाग. पण एका पागोट्याला मुगाच्या दाण्याएवढी पुट्टी लागते, कांड्यांची एक जोडी माझ्या अख्ख्या पलटणीला पुरून उरलीये. उरलेल्या निळ्या आणि पिवळ्या कांड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे घरात कुणी खायची वस्तू समजणार नाही. काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवून मगच मळायची.