टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं स्टँडर्ड की हाय? ऑफरोडिंगसाठी कोणतं व्हेरियंट घ्यावं

ठाण्या-मुंबईतून पावसाळ्यात मावळ किंवा जुन्नरच्या चिखलात गाडी घालणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. इंजिन दोन्हींत तेच, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद, तीही दोन्हींत मिळतेच.

खरा फरक टायरमध्ये आहे. स्टँडर्डला २६५/६५ आर १७, हायला २६५/६० आर १८. म्हणजे टायरची भिंत एकीकडे साधारण १७२ मिमी, दुसरीकडे १५९. कागदावर हे किरकोळ वाटतं, पण दगडांवर हवा कमी करून चालवताना तेवढं जादा रबर रिमला वाचवतं. शिवाय १७ इंचात ऑल-टेरेन टायरचे पर्याय भरपूर.

हायचं पारडं जड होतं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे, तो स्टँडर्डला मिळत नाही. टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, मॅन्युअलला ४२० एनएम, ऑटोमॅटिकला ५००, आणि चढावर क्लच जळायची भीती नाही. रोज पूर्व द्रुतगती मार्गावर अडकणाऱ्याने हेच घ्यावं. एलईडी दिवे, लेदर सीट वगैरे आहेच, पण चिखलाच्या बुटांना लेदर कशाला?

मी स्टँडर्ड घेईन आणि वाचलेले पैसे टायर, गाडीचं पोट वाचवणारी अंडरबॉडी प्लेट आणि अडकलेली गाडी बाहेर काढायच्या सामानावर घालेन. मात्र गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावण्याआधी आरटीओत विचारा. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आणि बुकिंगआधी सोसायटीतलं पार्किंग टेपने मोजा, गाडी ५.३ मीटर लांब आहे.